गोधडीच्या दोऱ्याची शिवण

आमच्या वस्तीत एक मेलेलं कासव एका आठवड्यात सात घरं फिरलं होतं. ही गोष्ट मी सांगायला घेतली की ऐकणाऱ्यांतला एक तरी माणूस उठून जातो, आणि जाताना म्हणतो, चंद्रकलाबाईचं सुरू झालं. जाऊ द्या त्याला. माझ्या गोष्टी सगळ्या खऱ्या असतात, त्यातल्या काही घडलेल्या नसतात एवढंच. ही मात्र घडलेली आहे. बिलोली तालुक्यात गोदावरीच्या काठाला आमची भोयांची वस्ती, पंचवीसएक घरं, सगळी मासे धरणारी. कासव म्हणजे नदीतलं थोरलं माणूस, असं आमच्यात मानायचे. जाळ्यात कासव मेलं तर त्या घराला सुतक. माणूस मेलं तर तेरा दिवस, कासव मेलं तर पाच. पाच दिवस जाळी दोरीवर वाळत, होडी उपडी, आणि ताटात नुसती भाकरी. ज्यानं कुणी हा रिवाज घातला त्याच्या काळात कासव जाळ्यात मरत नसणार, म्हणून तर त्याला एवढा मोठेपणा सुचला. आमच्या काळात ती मरायला लागली आणि वस्तीतल्या चांगल्या चांगल्या माणसांची नियत फिरली. एकाच्या जाळ्यात मेलेलं कासव निघालं की तो उजाडायच्या आत ते शेजाऱ्याच्या जाळ्यात अडकवून यायचा. शेजारी ते त्याच्या शेजाऱ्याच्या. असं ते कासव सात घरं फिरलं आणि सातवं घर आमचं होतं.

माझ्या बानं सुतक पाळलं. नुसतं पाळलं नाही, मिशी काढली. माय आयुष्यभर सांगायची की तुझा बा लई सच्चा माणूस. मला वाटतं की तोवर त्या कासवाला इतका वास सुटला होता की त्याला हात लावायची बाची हिंमत झाली नाही, आणि आमच्या पुढचं घर सरपंचाचं होतं. पण काही का असेना, पाळलं खरं. त्या पाच दिवसांत मायनं वाळवलेल्या झिंग्यांचा ठेचा, अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी यांवर घर चालवलं, आणि बा ओठावरून हात फिरवत दारात बसून राहिला. वस्तीतली सहा माणसं येता-जाता त्याला राम राम करायची आणि खाली बघायची.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं कडुनिंबाखाली जाळ्यांचा पसारा. मला अजून सकाळी जाग येते ती मातीच्या गोळ्यांच्या आवाजानं. जाळं बुडावं म्हणून त्याच्या खालच्या दोरीला भाजलेल्या मातीच्या गोळ्या ओवलेल्या असतात. बा जाळं खांद्यावर टाकून निघाला की त्या एकमेकींवर आपटायच्या, आणि तो वळणावर जाईपर्यंत तो आवाज बारीक होत जायचा. आता आमच्या घरात सुनेच्या मोबाईलवर कोंबडा आरवतो. तो वाजायच्या आधीच मला गोळ्या ऐकू येतात आणि मी उठून बसते. डॉक्टर म्हणतो कान तपासा. कानाला काय झालंय? मरळ माशाचं मायच्या हातचं कालवण असायचं, चिंचेचा कोळ आणि येसराचा मसाला घालून, इतकं तिखट की पाहुणा जेवून उठला की त्याला आपल्या मेलेल्या पूर्वजांची नावं आठवायची. एक मरळ तर बानं अशी आणली होती की शेपूट चुलीत आणि तोंड दाराबाहेर. वाटेनं जाणाऱ्या बैलानं तिला बघून वळसा घेतला. यावर गोदाआत्या म्हणायची, "बैल न्हवता गं, वासरू व्हतं." माझ्या गोष्टीला कात्री लावणारी जगात ती एकटीच.

गोदाआत्या म्हणजे बाची बहीण. लग्न करून गेली ती तीन महिन्यांत परत आली. का आली हे तिनं मला पाच वेळा पाच तऱ्हेनं सांगितलं, म्हणजे खोटं बोलायची कला आमच्या रक्तात कुठून आली ते कळून येईल. बोटं काडीसारखी, तोंड विळ्यासारखं. दिवसभर कडुनिंबाखाली लाकडी सुई घेऊन जाळी विणायची आणि वस्तीतल्या प्रत्येकाला त्याच्या तोंडावर नाव ठेवायची. चार घरं तिला भ्यायची आणि बाकीची तिच्याकडून जाळी दुरुस्त करून घ्यायची, म्हणजे ती बी भ्यायचीच.

आता जाळ्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आधी आमच्याकडं सुताची जाळी असायची. ती जड, ती कुजायची, सारखी फाटायची. मग नायलॉनचा दोरा आला, आणि वस्तीला वाटलं स्वर्गातून दोरा सोडलाय. कुजत नाही, तुटत नाही. तुटत नाही हेच कासवाला भोवलं. माशाला कल्ला असतो, तो पाण्यातच श्वास घेतो. कासवाला मात्र थोड्या थोड्या वेळानं वर येऊन नाक बाहेर काढावं लागतं. जाळ्यात अडकलेला मासा खायला ते यायचं, पाय गुंतायचा, आणि नायलॉन काही सोडायचं नाही. आमच्या नदीतलं कासव मऊ पाठीचं, परातीएवढं व्हायचं, लांब नळीसारखं नाक. ज्यांनी त्याला जिवंत बघितलंय ती माणसं आता मी बोटांवर मोजते.

आणि आमच्यात मुलगी बघायची पद्धत अशी की मुलगी कुणी बघतच नाही, तिचं जाळं बघतात. लग्नाच्या पोरीनं स्वतःच्या हातानं वीस हात जाळं विणायचं. मग ते घेऊन नवऱ्याच्या गावाला जायचं. ते लोक ते आपल्या पाण्यात टाकतात, अर्धा दिवस ठेवतात आणि ओढून बघतात. गाठ सुटलेली नको, आखं म्हणजे जाळ्याचं भोक लहानमोठं नको, आणि मुख्य म्हणजे त्यात दुसऱ्या बाईचा हात लागलेला नको. दुसरा हात लागला की जाळं उष्टं. उष्ट्या जाळ्याची पोरगी परत. हल्ली हैदराबादहून तयार जाळी येतात, पोरी कॉलेजला जातात, आणि बघायला आलेले लोक पगार विचारतात. मला तेच बरं वाटतं, कारण मला विणायला जमत नव्हतं.

जमत नव्हतं म्हणजे, बसवत नव्हतं. मी दोन हात विणायचे आणि पोहायला जायचे. माझी सोयरीक धर्माबादच्या बाजूला, नदीच्या खालच्या अंगाला एका वस्तीत जमत आली होती. मुलाचं नाव सायलू. त्याला मी एका लग्नात लांबून बघितला होता, पंगतीत वाढताना, आणि त्यानं म्हाताऱ्यांना न विचारता दुसऱ्यांदा वाढलं होतं, तेव्हाच मी आतल्या आत हो म्हणून टाकलं होतं. बानं तर त्या लोकांना सांगून ठेवलं की आमची चंद्री सात वर्षांची असल्यापासून विणते, तिच्या गाठीला हत्ती बांधा. बघायचा दिवस पंधरा दिवसांवर आला तेव्हा माझं जाळं दहा हात झालं होतं आणि हत्ती सोडा, त्याला शेळी बांधली असती तर ती जाळं घेऊन गेली असती. माय रडायला लागली. आत्यानं काही न बोलता सुई उचलली आणि दुसऱ्या टोकापासून उरलेलं दहा हात विणायला घेतलं. मी एकीकडून, ती दुसरीकडून. दार लावून, चोरासारखं.

आखं मोजायची आमची पट्टी म्हणजे बोटं. चार बोटी जाळं म्हणजे चार बोटं आत गेली पाहिजेत. पण कुणाची चार बोटं, हे कुणी सांगत नाही, कारण एक जाळं एकच बाई विणते. माझी बोटं जाड, एकेक केळ्यासारखं; आत्याची काडी. बघायला जायच्या दोन दिवस आधी दोन्ही तुकडे मधे येऊन भेटले आणि एकमेकांकडं बघायला तयार होईनात. माझी मोठी आखं, तिची बारीक. गाठीला गाठ जुळेना. त्यातच नायलॉनचा दोरा सरला. बिलोलीच्या ज्या चाचांच्या दुकानात तो मिळायचा तिकडं जायच्या रस्त्यावर ओढ्याला पाणी आलेलं, बस बंद. आत्यानं माझ्या केळ्यांकडं बघितलं, आपल्या काड्यांकडं बघितलं, माळ्यावरून गोधडी शिवायच्या दोऱ्याची गुंडी काढली आणि दोन्ही तुकडे त्या सुती दोऱ्यानं, वरून खालपर्यंत, धावदोरा घालून शिवून टाकले. जाळं हिरवं, दोरा पांढरा. म्हणून त्यावर घेवड्याचा पाला चोळला. लांबून कळत नव्हतं. जवळून आंधळ्याला कळलं असतं.

टेम्पोत बा सगळ्या वाटेनं मला दम देत होता की तू तोंड उघडायचं न्हाई, बोलायचं ते मी बोलेन. त्याची भीती खरी होती. एकदा जाळं उष्टं निघालं की ती गोष्ट दोन्ही काठच्या भावकीत फिरते, आणि मग त्याच्या शब्दाला कुणी विचारणार नव्हतं, आणि मला सायलू मिळणार नव्हता. आत्या आली नव्हती. परत आलेल्या बाईला असल्या कामाला नेत नाहीत.

सासरे म्हणजे पोशट्टीमामा, उंच, हाडकुळे, बोलायला कंजूष. सासू राजव्वा निम्मं तेलुगू, निम्मं मराठी बोलायची आणि दोन्हींत रागवायची. वस्तीत शिरल्यावर मला पहिल्यांदा दिसलं ते हे की घरोघर जाळी वाळत पडलेली. मी मनात म्हटलं, आळशी दिसतात, माझं जमेल. मग चहा पिताना कळलं की त्या गावात रिवाज आमच्यापेक्षा कडक. तिथं कुणाच्याही जाळ्यात कासव मेलं तर सुतक अख्ख्या वस्तीला. आणि ती माणसं लपवत नव्हती. आमच्यासारखं कासव फिरवत नव्हती. एक सुतक सुटून दुसरं, दुसरं सुटून तिसरं. त्या दिवशी सकाळीच एक सुटलं होतं आणि त्यांच्या चार होड्या आमच्यासोबतच पाण्यात उतरल्या. राजव्वा मला म्हणाली, पोरी, तू चांगल्या वक्ताला आलीस, कालपर्यंत तुला च्याबरोबर द्यायला घरात काही नव्हतं. हे ती हसून बोलली, म्हणून जास्त लागलं.

माझं जाळं पाण्यात टाकलं आणि आम्ही काठावर बसलो. राजव्वानं मला भाकरी थापायला लावली, माझ्या बोटांकडं बघून काहीतरी तेलुगूत म्हणाली, आणि बायका हसल्या. जेवणाच्या सुमाराला मामा आणि सायलू होडीतून गेले आणि जाळ्याचं एक टोक धरून ओढायला लागले. पहिले पाच-सात हात चांगले निघाले. दोन रोहू, एक वांब. बा मिशीवरून हात फिरवायला लागला, ती नुकती परत आली होती. तेवढ्यात जाळं जड झालं.

कासव होतं. मी आजवर ते टेम्पोच्या बॉनेटएवढं, होडीएवढं आणि एकदा तर तहसील कचेरीएवढं सांगितलंय. खरं म्हणजे मोठ्या परातीएवढं होतं, पण जिवंत होतं. काठावरच्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या, कारण सकाळीच सुटलेलं सुतक पुन्हा समोर आलं होतं. सायलू पाण्यात उतरायला निघाला, मामांनी त्याला हातानं थांबवलं, कारण मऊ पाठीच्या कासवाचा चावा बोट ठेवत नाही. ते जाळ्याच्या कडेकडेनं ढुशा देत सरकत होतं, नायलॉनला ढुशी, परत सरकलं, परत ढुशी. मग शिवणीवर आलं. एक ढुशी दिली आणि गोधडीचा दोरा वरपासून खालपर्यंत असा उसवत गेला की तो आवाज मला काठावर ऐकू आला. आत्या म्हणते एवढ्या लांबून ऐकू येत नाही. मला आला. कासव त्या भोकातून निघालं, लांब जाऊन नाक वर काढलं, श्वास घेतला आणि गेलं.

जाळं काठावर आणलं. त्याचे दोन तुकडे झालेले, मोठ्या आखांचा एक, बारीक आखांचा एक. आता ते आंधळ्याला काय, माझ्या बाला सुद्धा कळत होतं. पोशट्टीमामा उकिडवे बसले, तुटलेल्या दोऱ्याचं टोक बोटांत धरून ओढून बघितलं.

"ही शिवण कुणाची?"

बा पुढं झाला. "पोरीचीच की. सगळं जाळं तिचंच हाय."

"मी पोरीला इचारून राहिलो, पावनं."

माझ्याकडं तीन थापा तयार होत्या आणि तिन्ही चांगल्या होत्या. सगळ्यात चांगली ही, की मी मुद्दाम अशी शिवण घातली, कासवासाठी. ती सांगितली असती तर त्या दिवशी मला डोक्यावर घेऊन नाचले असते. पण मामा माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते ती पोरगी पारखायची नजर नव्हती. त्यांना तशी शिवण पुन्हा घालायची होती. आणि मला काय यायचं? टाका किती लांब, पीळ किती, दोरा एकेरी की दुहेरी, हे सगळं आत्याच्या हातात होतं. मी अंदाजानं काहीतरी शिवून दिलं असतं, माशांच्या ओढीनंच ते रोज उसवलं असतं नाहीतर कधीच उसवलं नसतं, आणि पुढचं कासव माझ्या थापेवर मेलं असतं. तिन्ही थापा मी गिळल्या. असं आधी कधी झालं नव्हतं.

"मामा, अर्धं जाळं माझं न्हाई," मी म्हटलं. "आत्याचं हाय. तिची बोटं बारीक, माझी जाड. जुळंना. दोरा सरला म्हून तिनं गोधडीच्या दोऱ्यानं शिवलं. चूक हाय ती. त्यात माझी अक्कल न्हाई."

बा खाली बसला. राजव्वानं दोन्ही तुकडे हातात घेतले, एका आखातून आपली चार बोटं घातली, दुसऱ्यातून घातली. "म्हंजी उष्टं हाय," ती म्हणाली.

"हाव, उष्टं हाय," मामा म्हणाले. मग त्यांनी तो दोरा बोटाला गुंडाळला. "माझ्या बाच्या वक्ताला सुताची जाळी व्हती. कासव फाडून जायचं. बा शिव्या द्यायचा त्याला. पर मेलेलं कासव म्या ल्हानपणी बघितलं न्हाई." त्यांनी राजव्वाकडं बघितलं. "औंदा किती येळा जाळी वाळवली आपण?"

"मोजायचं सोडलं मी."

"आन आज?"

राजव्वानं नदीकडं बघितलं. हातातले तुकडे खाली टाकले नाहीत, मांडीवर घेतले.

मामा उठले आणि बापुढं येऊन उभे राहिले. "पावनं, अर्धं जाळं घरी ठिवून अर्धंच देत्यात व्हय? पोरीला धाडा. तिच्या आत्याला बी धाडा."

हा निरोप घरी पोचला तेव्हा गोदाआत्या चुलीपुढं होती. "मी काय रुखवतातली परात हाय का?" म्हणाली. मग पाव तासात तिचं गाठोडं बांधून झालं. वीस वर्षांत तिला कुणी बोलावलं नव्हतं. लग्नातली तिची तोंडाची पट्टी काय वर्णावी, राजव्वाला जोडीदारीण मिळाली.

लग्नानंतर मामांनी वस्तीला अंगणात बोलावलं. काम सोपं होतं: प्रत्येक चांगल्या जाळ्याला दर सात-आठ हातांवर उभं कापायचं आणि गोधडीच्या दोऱ्यानं परत शिवायचं. पण धडधाकट जाळ्याला पातं लावणं आमच्यात पाप. फाटलेलं तेवढं कापायचं. विळा मधे ठेवलेला आणि कुणी त्याला हात लावेना. एक म्हातारा म्हणाला की एका कासवाच्या नशिबानं सगळ्यांच्या जाळ्यांना भोकं पाडता का, मासे काय मेहुणे आहेत, थांबायला? त्याचं खोटं नव्हतं. शिवण उसवली की थोडे मासे जाणारच होते. मामांनी वाद घातला नाही. स्वतःचं जाळं आणलं, पसरलं, आणि कापलं. आत्या लगेच सुई घेऊन बसली, टाका केवढा ते बायकांना दाखवत, प्रत्येकीच्या बोटांना नाव ठेवत. मी दोऱ्याला पीळ देत होते. संध्याकाळपर्यंत अर्ध्या वस्तीची जाळी झाली. उरलेली अर्धी वस्ती बघू म्हणाली.

मागच्या वर्षी वन खात्याचा एक तरुण साहेब आला होता. समुद्रावरच्या कोळ्यांच्या मोठ्या जाळ्यांना बी आता कासवासाठी दार ठेवतात, असं तो म्हणाला. मोबाईलवर चित्र दाखवलं, लोखंडी गज, त्याच्यावर भोक. मासे मागं, कासव बाहेर. मी समुद्र बघितलेला नाही. पण तिथं बी कुणीतरी धडधाकट जाळ्याला पहिल्यांदा पातं लावलं असेल, आणि त्याच्या भावकीनं त्याला काय काय ऐकवलं असेल, ते मला न बघता दिसलं. त्यानं विचारलं ही शिवण कशी सुचली, तर मी त्याला नदीतल्या कासवानंच मला स्वप्नात येऊन सांगितलं असं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. आत्या आतून ओरडली की खोटं लिहू नका, ते बी त्यानं लिहून घेतलं.

त्या पहिल्या हंगामात मात्र आम्हाला काही माहीत नव्हतं. आठ दिवस झाले, दहा झाले, मासे बरे येत होते, कासवाचा पत्ता नाही. बघू म्हणणारी अर्धी वस्ती हसायला लागली होती. मग एका सकाळी धुकं विरत होतं, मी काठावर भांडी घासत होते, राजव्वा शेजारी. लांब पाण्यात सायलूची होडी होती आणि तो जाळं ओढत होता. मधेच तो थांबला, जाळं दोन्ही हातांनी वर धरलं. बरोबर मधोमध दारासारखं उघडं, त्यातून पलीकडची नदी दिसत होती. त्याच्या आज्यानं असं जाळं बघून कासवाच्या सात पिढ्यांची खबर घेतली असती. सायलू होडीत उभा राहिला आणि वस्तीकडं तोंड करून ओरडला, "उसवलं!"

दुसऱ्या होडीतून कुणीतरी विचारलं, केवढं? सायलूनं हात पसरून दाखवलं, आणि त्यानं जेवढं दाखवलं तेवढं कासव गोदावरीत मावत नाही. तेव्हा मला कळलं की माणूस बरोबर निवडलाय. राजव्वानं हातातली परात तशीच टाकली आणि घरात हाक दिली, गोदाक्का, सुई आण.